विषय: सप्टेंबरात सोनोमा – सायकलसाठी निवांत रस्ता कोणता?

प्रेषक: बजाज नगर, नागपूर

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आमची लेक कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात, सांता रोझाला असते, तिनंच मला तिथल्या मंडळाच्या या ईमेल यादीत घातलं. सप्टेंबरात आम्ही दोघं पाच आठवड्यांसाठी तिच्याकडे येतोय. माझं वय 63. रोज पहाटे फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ घेऊन काटोल रोडनं फेटरीपर्यंत जाऊन येतो, पावसाळ्यातसुद्धा खंड नाही. तिकडे सायकल भाड्यानं घ्यायचा विचार आहे. जावईबापू म्हणतात शेजारच्या नापा खोऱ्यात जाऊ, दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे आहेत. पण नकाशावर पाहिलं तर मधोमध मोठा हायवे. चढ कितीही चालेल, पण गाड्यांच्या रांगेला खेटून जायचं नाही. कोणी जाणकार सांगेल का? सौ. पण सायकल चालवते, तिला मात्र सपाट रस्ता हवा.

---

प्रेषक: धंतोली, नागपूर

दादा, नमस्कार.

मी 14 वर्षं सांता रोझात काढली, दोन वर्षांपूर्वी परत आलो. यादी मात्र सोडवली नाही, आणि तुमचं पत्र वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

नापाचा हायवे 29 सायकलसाठी मनातून काढून टाका. त्याला समांतर, खोऱ्याच्या पूर्वेकडून सिल्व्हराडो ट्रेल जातो, नापा ते कॅलिस्टोगा, साधारण 47 किलोमीटर. कडेला सायकलपुरती चांगली रुंद पट्टी आहे. 1976 साली पॅरिसच्या चाचणीत फ्रेंच वाइनला मागे टाकणारी लाल वाइन ज्या वाइनरीची, ती याच रस्त्यावर आहे. रस्ता बघण्यासारखा आहे, एकदा जरूर करा. पण तो निवांत नाही. गाड्या तिथे वेगानं जातात आणि दर मिनिटाला कानाशी सूं होतं.

तुम्हाला हवाय तो रस्ता सोनोमात आहे: वेस्ट ड्राय क्रीक रोड. लेकीच्या घरापासून हील्ड्सबर्ग पंचवीसेक किलोमीटर. तिथपर्यंत गाडीनं जा, सायकल तिथेच भाड्यानं घ्या. गावातून वेस्टसाइड रोडनं बाहेर पडा, थोड्याच वेळात उजवीकडे हा फाटा लागतो. ड्राय क्रीक नावाच्या ओढ्याच्या पलीकडे ड्राय क्रीक रोड आहे, सगळी वर्दळ तो उचलतो, म्हणून हा मोकळा राहतो. अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी मधली पट्टीही नाही. एक चढ संपला की लगेच उतार, उतार संपतो न संपतो तोच पुढचा चढ, असं सतत खालीवर. एकही चढ लांब नाही, पण पाय मोकळे सोडायला मिळत नाहीत. डांबर ठिकठिकाणी उखडलेलं आहे, त्यामुळे 28 किंवा 32 मिलिमीटर रुंदीचे टायर मागा, अगदी बारीक नकोत. योकिम ब्रिज रोडनं ओढा ओलांडून परत फिरा. येताना लॅम्बर्ट ब्रिज रोडच्या नाक्यावर 1881 पासूनचं एक जनरल स्टोअर आहे, तिथे सँडविच खा. सगळं मिळून तीस-पस्तीस किलोमीटर.

या रस्त्यावर एका ठिकाणी उतरून वेली जवळून बघा. झिन्फॅन्डेल या काळ्या द्राक्षाच्या जुन्या वेलींना तार नसते, मांडव नसतो. प्रत्येक वेल स्वतंत्र, कमरेएवढी, खोड मांडीइतकं जाड आणि पिळलेलं, सालीचे लांब पापुद्रे सुटलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काटोलकडचा आमच्या मामांचा संत्र्याचा बगीचाच आठवला. झाडांच्या मधली माती तशीच वखरलेली, तसाच कोरडा वास. आपण आंबिया बहारासाठी झाडाला ताण देतो, पाणी तोडतो. तिथेही कित्येक जुने मळे पावसाच्याच पाण्यावर उभे आहेत. आणि एकेकाळी हे नुसतं द्राक्षाचं गाव नव्हतं. हील्ड्सबर्गच्या आसपास आलुबुखाराचे बगीचे होते, वेस्टसाइड रोडला बिअरसाठी हॉप्स पिकायचे. 1905 साली बांधलेली हॉप्स वाळवायची भट्टी अजून रस्त्याकाठी उभी आहे, दगडी, वर तीन मनोरे. फाट्याला न वळता वेस्टसाइड रोडनंच पुढे गेलात, तर तिथे थांबल्याशिवाय राहू नका.

आता जिवाची गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे तो डाव्या हाताला. पहिल्याच महिन्यात चॉक हिल रोडच्या उतारावर वळण अंगावर आलं. मागचा ब्रेक समजून मी डावा आवळला आणि हँडलवरून पुढे फेकला गेलो. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. भाड्याची सायकल ताब्यात घेताना दुकानातच चाक उचलून कोणता ब्रेक कुठला ते बघा, आणि सवय नसेल तर सरळ अदलाबदल करून मागा. दुसरं म्हणजे तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं. सरळ रस्त्यावर चूक होत नाही. ती होते थांबून, पाणी पिऊन, फाटकातून पुन्हा रस्त्यावर येताना. अशा वेळी सायकल हातात धरून रस्त्याच्या उजव्या कडेला न्या, मगच बसा.

सकाळी सातला निघा. समुद्राकडून आलेलं धुकं खोऱ्यात भरलेलं असतं, गारठा बारा-तेरा अंशांचा, आणि दुपारी ऊन तिशीच्या वर. नागपूरच्या उन्हात तावून निघालेल्या माणसाला दुपारचं काही वाटणार नाही, पण पहाटे बोटं आखडतात, हातमोजे ठेवा. आणि वाइन चाखायची तर सायकल परत केल्यावर. पिऊन सायकल चालवणं कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

वहिनींसाठी सेबॅस्टोपोल ते फॉरेस्टव्हिल ही जुन्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट. मोटारी नाहीत, चढ नावापुरता.

---

प्रेषक: विंडसर, कॅलिफोर्निया

काका, दादांनी सगळं नेमकं लिहिलंय, त्यात एकच भर घालते. तुम्ही येताय तो ऐन तोडणीचा हंगाम. द्राक्षं रात्री दिवे लावून तोडतात, म्हणजे फळ थंड राहतं, आणि पहाटे भरलेले ट्रक याच अरुंद रस्त्यांवरून वाइनरीकडे निघतात. मागून ट्रकचा आवाज आला तर पुढे दामटू नका, फाटकाशी थांबून त्याला जाऊ द्या. वळणांवर सांडलेली द्राक्षं असतात, त्यावर चाक सरकतं. रविवारी तोडणी कमी असते, त्यामुळे रविवारची सकाळ सर्वांत शांत. माझ्याकडे मध्यम मापाचं हेल्मेट जादा आहे, काकूंना होईल. सोबत हवी असेल तर मीही येईन.

---

प्रेषक: बजाज नगर, नागपूर

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार. पत्र छापून जावईबापूंना वाचून दाखवलं, नापाचा बेत आता एका दिवसापुरता उरलाय. ताई, रविवारी तुम्ही याच, सौ. आत्ताच विचारतेय घरून डब्यात काय आणू म्हणून.

ब्रेकचं वाचून मी काल सीताबर्डीला नेऊन माझ्या सायकलच्या केबली उलट करून घेतल्या. आज सेमिनरी हिल्सवरून उतरताना दोनदा चुकीचा आवळला. अजून सात आठवडे आहेत, तोवर हाताला वळण लागेल. पण सेमिनरीचा उतार फारच लहान पडतो. दादा, तुम्ही धंतोलीत आणि मी इथे, ओळख व्हायला कॅलिफोर्नियाच्या यादीत यावं लागलं! येत्या रविवारी रामटेकला चलता का? गडाच्या गाडीरस्त्यानं तीन-चार वेळा चढून उतरू, माझे हात तुम्ही बघा. सायकली गाडीवर टाकू, साडेपाचला झिरो माइलपाशी. माझ्याकडे पंप आहे, 28 ची एक ट्यूब तेवढी जवळ ठेवा.