स्नोमोबाइलसाठी गुडघा आणि नडगीचे गार्ड कोणते घ्यावेत? (मदत हवी आहे, तातडीचं)

रानवारा:
स्नोमोबाइल चालवताना गुडघा सारखा पुढच्या कन्सोलवर आपटतो. नडगी काळीनिळी झालीये. चांगले गार्ड घ्यायचेत. नेटवर निम्मे मोटोक्रॉसचे दिसतात, बाकीचे स्केटिंगचे. वाचून डोकं भंजाळलंय. ज्यांनी वापरलेत त्यांनीच सांगा. नाव कळलं की आज रात्रीच मागवतो, पुढच्या आठवड्यात निघायचंय.

वाटसरू:
आखलेल्या ट्रेलवर चालवता की खोल बर्फात? बसून की उभं राहून? बूट केवढे उंच? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

उनाड:
मोटोक्रॉसचेच घ्या. फॉक्स टायटनसारखे, गुडघ्यावर कडक प्लॅस्टिकची वाटी आणि खाली नडगीभर ढाल. कन्सोलची कड लागली तरी मार एका जागी बसत नाही, पसरतो. स्नोमोबाइलसाठी वेगळं काही लागत नाही.

हिमगौरी:
उनाड, ट्रेलपुरतं पटतं. पण खोल बर्फात उतारावर गाडी आडवी धरताना एक पाय रनिंग बोर्डवर (गाडीच्या बाजूची पाय ठेवायची पट्टी) आणि दुसरा हवेत, गुडघा सतत वाकत-सुटत असतो. कडक वाटी तासाभरात फिरून बाजूला जाते. मग ऐन वेळी आपटतो तो उघडा गुडघा. मऊ पॅडची स्लीव्ह अंगासरशी राहते.

उनाड:
आणि ते मऊ पॅड थंडीत लाकडासारखे होतात, ते नाही सांगितलंत.

वाटसरू:
सगळेच होत नाहीत. लेबल बघा. ईएन १६२१-१ या मोटरसायकल गार्डच्या युरोपीय मानकात ५० जूलचा आघात करून पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंतच. उणे १० अंशांची चाचणी ऐच्छिक असते, ती पास असेल तर 'टी मायनस' अशी खूण असते. बर्फासाठी मी ती खूण आधी शोधतो, कंपनी नंतर. नडगीही झाकायची तर नुसतं 'के' (गुडघा) नको, 'के+एल' (गुडघा आणि नडगी) हवं.

रानवारा:
अहो, मानकं नकोत, नाव सांगा. खोल बर्फात, उभं राहून. बूट नेहमीचेच.

हिमगौरी:
नेहमीचे म्हणजे? खरी गोम तिथेच आहे. बुटाचा काठ पोटरीच्या मध्यापर्यंत असेल तर लांब ढालीचं खालचं टोक काठावर टेकतं, आणि गुडघा वाकवला की अख्खा गार्ड वर ढकलला जातो. वाटी मांडीवर, गुडघा मोकळा. बूट घालून, गुडघा वाकवून, गुडघ्याच्या वाटीपासून बुटाच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. ढाल त्याहून लांब असेल तर तिचं टोक बुटाच्या आत मावतंय का ते बघा.

अभि_२२:
गार्ड कशाला? हँडलबारला रायझर (बार उंच करणारा जोड) लावा. बार खाली असला की माणूस पुढे वाकतो आणि गुडघे कन्सोलला भिडतात. माझं दुखणं त्यानेच थांबलं.

निळाघोडा:
खोल बर्फात जाताय तर हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं आहे का? प्रत्येकाकडे हवं, एकात भागत नाही. आणि वापरायचा सराव हवा.

रानवारा:
ते सगळं आहे हो. प्रश्न गुडघ्याचा आहे. उजव्याचं लिगामेंटचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय, म्हणून घाई करतोय.

वाटसरू:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मग वरचं अर्धं बाजूला ठेवा. गार्ड मार झेलतो, सांध्याला मुरडण्यापासून वाचवत नाही. पाय बर्फात रुतला आणि गाडी पुढे गेली तर कितीही जाड पॅड असो, लिगामेंटला उपयोग शून्य. तुम्हाला दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस लागेल. गुडघा मागे ताणला जाण्याला तो आळा घालतो, बाजूला झुकणंही कमी करतो. कुठला, ते सर्जनला विचारा.

उनाड:
ब्रेस महाग आणि अवजड. शिवाय बऱ्याच ब्रेसमध्ये नडगी अर्धी उघडीच राहते.

हिमगौरी:
ऑपरेशन झालेल्या गुडघ्यापुढे नडगीचे डाग परवडले. डाव्या पायाला गार्ड, उजव्याला ब्रेस, असं खुशाल चालतं.

रानवारा:
पटलं. सर्जनची उद्याची वेळ मिळतेय का बघतो. ब्रेस थर्मलच्या वर घालायचा की आत?

हिमगौरी:
पातळ थर्मलवर, गुडघ्यामागे एकही चुणी नको. पट्टे करकचून आवळू नका, रक्त अडलं की आधी पायाची बोटं गार पडतात. वरून बिब (खांद्यावर पट्टे असलेली बर्फातली पँट). ती घालून उकिडवं बसून बघा, गुडघ्यावर कापड ताणलं जात असेल तर बिब मोठी लागेल.

अभि_२२:
आणि रायझर?

रानवारा:
उंची पाच फूट अकरा आहे. बार कंपनीने दिलाय तसाच. किती वाढवू?