‘नो-कॅशे’ म्हणजे ‘साठवू नका’?

— ब्राउझरनं पानाची प्रत आपल्याकडे साठवावी का आणि कशी वापरावी, हे सर्व्हर उत्तरासोबतच्या ‘कॅशे-कंट्रोल’ हेडरमधून सांगतो. त्यातल्या ‘नो-कॅशे’चं मराठी सर्रास ‘साठवू नका’ असं केलेलं दिसतं. बरोबर आहे का? आणि कॅशेला, म्हणजे अशा साठवलेल्या प्रतींना, ‘बेगमी’ म्हटलं तर?

— चूक आहे, आणि महागात पडणारी. ‘नो-कॅशे’ लावलेली फाइल ब्राउझर खुशाल साठवतो, फक्त दर वेळी वापरण्याआधी सर्व्हरला विचारतो. ‘साठवूच नका’ हा अर्थ ‘नो-स्टोअर’चा. खात्यातली शिल्लक दाखवणारं पान ‘नो-कॅशे’वर सोडलं, तर त्याची प्रत डिस्कवर राहू शकते. मी ‘खातरजमा करून वापरा’ म्हणेन.

— खातरजमा होते ती बहुधा ईटॅगवर, म्हणजे फाइलच्या त्या आवृत्तीच्या खुणेवर. सर्व्हरनं दिलेला ईटॅग ब्राउझर ‘इफ-नन-मॅच’ हेडरमधून परत पाठवतो, जुळला की नुसता ३०४ (‘बदल नाही’) येतो, मजकूर येत नाही. मात्र लोड बॅलन्सरमागे (विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) दोन सर्व्हर असतील आणि ईटॅगमध्ये आयनोड क्रमांक (फाइलचा त्या डिस्कवरचा क्रमांक) मिसळत असेल, तर एकाच फाइलचे दोन ईटॅग होतात आणि मजकूर पुन्हा पुन्हा उतरतो. अपाचे सर्व्हर २.२ आवृत्तीत मुळातच असं वागायचा. तिथे ‘फाइलईटॅग एमटाइम साइझ’ (ईटॅग फक्त बदलाची वेळ आणि आकार यांवरून) लिहावं लागतं, २.४ मध्ये तेच गृहीत आहे.

— मग त्याच हेडरमधलं ‘मस्ट-रिव्हॅलिडेट’ (‘पुन्हा तपासाच’) वेगळं कसं?

— ते फाइल शिळी झाल्यावरच, म्हणजे ‘मॅक्स-एज’ची मुदत संपल्यावरच, लागू होतं. ‘मॅक्स-एज=६००’ असेल तर पहिली दहा मिनिटं ब्राउझर काही विचारतच नाही. ‘शिळी’ हा शब्द इथे चपखल बसतो: शिळं म्हणजे नासलेलं नव्हे. ३०४ आला की तीच प्रत पुन्हा ताजी.

— ‘मॅक्स-एज’ला ‘कमाल वय’ म्हणा, आणि ते सेकंदांत असतं हे जोडीला सांगा. ३१५३६००० म्हणजे ३६५ दिवस. एवढी मुदत फक्त नावात हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) असलेल्या जेएस-सीएसएस फाइलींना द्यावी, कारण मजकूर बदलला की नावच बदलतं. त्या फाइली मागवणाऱ्या इंडेक्स पानाला ‘नो-कॅशे’. हे उलटं झालं, तर जुनं पान सर्व्हरवरून काढलेल्या फाइली मागत बसतं, ४०४ (‘सापडलं नाही’) येतो आणि पडदा पांढरा. एनजिनएक्स सर्व्हरच्या मांडणीत आणखी एक खोच: ‘लोकेशन’ विभागात हेडर जोडणारं एक जरी ‘अ‍ॅड_हेडर’ लिहिलं, तरी वरच्या पातळीवरचे सगळे ‘अ‍ॅड_हेडर’ तिथे गळतात.

— ‘बेगमी’बद्दल: बेगमी टंचाईच्या दिवसांसाठी करतात. इथे माल सर्व्हरवर आहेच, फक्त फेरी वाचवायची आहे. म्हणून ‘हाताशी ठेवलेली प्रत’. लांबलचक वाटत असेल तर ‘कॅशे’च राहू द्या, ‘कॅश’ मात्र लिहू नका, ‘कॅश साफ करा’ वाचून गल्ला आठवतो.