फॉरवर्ड बुक केलाय, 31 मार्चला एंट्री कशी करू?

शिरोलीची अकाउंटंट:
मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते. आमचं कास्टिंग अमेरिकेला जातं. 1,00,000 डॉलरचं बिल केलं तेव्हा भाव 83 होता. त्याच दिवशी बँकेत 90 दिवसांचा फॉरवर्ड (पुढच्या तारखेला आजच ठरलेल्या भावाने डॉलर विकायचा करार) 83.36 ने बुक केला. आधीचे अकाउंटंट बिलच 83.36 ने धरायचे. मालक म्हणतात, पैसे तेवढेच येणार, मग बिघडलं कुठं? ऑडिटरनी मात्र त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केलाय. 31 मार्चला 50 दिवस झाले, डॉलर 83.40.

कोल्हापूरचा निर्यातवाला:
ताई, कंपनी लिस्टेड नसेल, नेटवर्थ 250 कोटींच्या आत असेल आणि कुठल्या मोठ्या कंपनीची उपकंपनी नसेल, तर तुम्हाला एएस 11 (परकीय चलनाच्या व्यवहारांचं लेखा मानक) लागतं. त्यात बिल वेगळं, फॉरवर्ड वेगळा. विक्री 83 नेच, म्हणजे 83,00,000. 31 मार्चला डेटर (ग्राहकाकडून येणं) 83.40 ने धरा, 40,000 फायदा. फॉरवर्डवर तेवढाच तोटा. दोन्ही नफा-तोट्यात जाऊन फिटंफाट.

राहिले प्रीमियमचे, म्हणजे 83 आणि 83.36 मधल्या फरकाचे, 36,000. ते कास्टिंग विकून आलेले नाहीत. रुपया आणि डॉलरच्या व्याजदरात फरक आहे म्हणून बँक पुढच्या तारखेला जास्त भाव देते, आणि व्याजासारखाच तो दिवसागणिक कमवायचा असतो. 90 पैकी 50 दिवस झाले, म्हणून यंदा 20,000, पुढच्या वर्षी 16,000. मालकांना हेच सांगा: ते 16,000 अजून आपले झालेले नाहीत.

मार्चअखेर:
वरचं सगळं बरोबर, पण बिल आधी झालेलं असेल तरच. नुसत्या ऑर्डरवर फॉरवर्ड बुक केला असेल तर एएस 11 लागू नाही. आयसीएआयची (सीएंची संस्था) 2015 ची गाइडन्स नोट बघा. 31 मार्चला त्या फॉरवर्डचं मार्क टू मार्केट करावं लागतं, म्हणजे त्या दिवशीच्या बाजारभावाने त्याची किंमत धरावी लागते. हेज अकाउंटिंग करून (फॉरवर्ड ऑर्डरच्या जोखमीशी जोडून) फरकाचा परिणामकारक भाग नफा-तोट्याऐवजी राखीव निधीत न्यायचा, तर कुठल्या ऑर्डरसाठी हेज केलंय याचा कागद पहिल्या दिवसापासून हवा. माझ्या जुन्या नोकरीत तो मागची तारीख टाकून करायला सांगितला होता. मी सही केली नाही. ताई, तुम्हीही करू नका.

शिरोलीची अकाउंटंट:
दोघांचेही आभार. आत्ताच फाइल काढून बसले. तीन फॉरवर्डपैकी एक ऑर्डरवरचाच निघाला: बुक केला 12 फेब्रुवारीला, बिल 4 एप्रिलचं. कागद नाही. त्याचा फरक सरळ नफा-तोट्यात घेते. 31 मार्चचं व्हॅल्युएशन द्या म्हणून बँकेला मेल टाकलाय.