साडीच्या दुकानात बसू देत नाहीत, तूट पगारातून कापतात. अर्ज द्यावा की युनियन करावी?

काउंटरवरची: साड्यांच्या दुकानात आम्ही १४ जणी. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. आता मंदी आहे म्हणून स्टॉकमधली तूट सगळ्यांच्या पगारातून सारखी कापतात. बोललं की "उद्यापासून येऊ नका". सुरुवात कुठून करावी?

नीलिमा: ताई, आधी अर्ज. सह्या एकाखाली एक नको, गोलाकार घ्या. यादीत पहिलं नाव दिसलं की गदा तिच्यावरच येते. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. व्हॉट्सॅपवर ठरवाठरवी नको, स्क्रीनशॉट सुपरवायझरकडे जातोच. आणि वेळ साधा. आषाढात, पितृपक्षात दुकान ओस असतं, तेव्हा माणूस काढणं सोपं. दिवाळी किंवा लग्नसराईच्या तोंडावर द्या. नऊवारी, पैठणी उलगडून दाखवणारा सराईत हात तेव्हा लगेच मिळत नाही.

वेतनखिडकी: तुटीबद्दल. कायद्याने एखादीच्या पगारातून तूट कापायची तर माल तिच्या ताब्यात दिलेला हवा, तो तिच्या हलगर्जीमुळे गेलेला हवा आणि कापण्याआधी तिचं म्हणणं ऐकायला हवं. चौदा जणींत वाटून कापणं यात बसतच नाही. पगार रोख असेल तर मिळालेली आणि कापलेली रक्कम तारखेनिशी वहीत लिहा, ड्यूटीच्या तक्त्याचा फोटो ठेवा. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करताना हेच लागतं.

सुजाता_के: बसण्याचा हक्क केरळच्या बायकांनी लढून मिळवला. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत कार्यकर्त्या पी. विजी आणि त्यांच्या 'पेणकूट्टू' या कामगार बायकांच्या संघटनेने आधी स्वच्छतागृहासाठी आवाज उठवला, मग बसण्यासाठी. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकान कायद्यात बसण्याची सोय घातली. पण स्टूल ठेवूनही बसलं की टोकणारे असतातच. म्हणून अर्जात नुसतं "स्टूल द्या" नको, "गिऱ्हाईक नसताना बसायची मुभा" असं स्पष्ट लिहा. याला मालकाचा खर्च जवळजवळ नाही, मंदीचं कारण इथे चालत नाही.

युनियन नोंदणीच्या अर्जाला किमान ७ सभासद लागतात. पण एकाच दुकानाची युनियन फोडायला सोपी, त्यामुळे त्याच रस्त्यावरच्या इतर दुकानांतल्या बायकाही घ्या. झाडलोटीच्या मावशी आणि कॅशवरच्या मुली पहिल्यापासून सोबत हव्यात. कॅशवालीचा पगार थोडा वाढवून तिला वेगळं काढणं, ही मालकांची नेहमीची पहिली चाल.