प्रिव्हिलेज : विशेषाधिकार, सवलत, मुभा की आणखी काही?

स्त्रीवादावरचा एक लेख मराठीत आणतो आहे आणि 'प्रिव्हिलेज'पाशी अडलो आहे. रूढ प्रतिशब्द 'विशेषाधिकार'. पण तो वाचला की संसद सदस्यांचे विशेषाधिकार आठवतात : घटनेनं दिलेले, ज्याचे आहेत त्याला पक्के ठाऊक असलेले. मूळ लॅटिन शब्दही तसाच आहे. 'प्रिव्हस' म्हणजे एकट्याचा, 'लेक्स' म्हणजे कायदा. स्त्रीवादी लेखनात मात्र रोख बदलला. अमेरिकी स्त्रीवादी अभ्यासक पेगी मॅकिंटॉश यांनी १९८८ साली गोरेपणाचे आणि पुरुषपणाचे फायदे मांडले, तेव्हा त्यांचा मुद्दाच हा होता की ज्याला ते मिळतात त्याला ते दिसत नाहीत. न दिसणाऱ्या गोष्टीला अधिकार कसं म्हणायचं?

प्रतिसाद : 'सवलत' मुळात फार जवळचा आहे. अरबी 'सुहूलत'वरून आला, अर्थ सोपेपणा. पण आज सवलत म्हणजे मागे राहिलेल्याला द्यायची सूट. 'मुभा' बघा. "तिला नोकरीची मुभा आहे" असं लोक कौतुकानं सांगतात. "त्याला नोकरीची मुभा आहे" असं कधी ऐकलंय? मला वाटतं, जिथे 'मुभा' हा शब्द लागतच नाही, तिथे प्रिव्हिलेज आहे.

मूळ लेखक : हे वाचून बराच वेळ थांबलो. कॉलेजात असताना 'स्त्रीवाद' हा शब्द मला 'वाद घालणे' मधल्या वादासारखा ऐकू यायचा. मार्क्सवाद म्हटलं की विचारसरणी आणि स्त्रीवाद म्हटलं की भांडण. शब्द तोच, ऐकणारा कान माझा. तो सुधारायला दहा-बारा वर्षं गेली, आणि वाचनापेक्षा बहिणीच्या एका प्रश्नानं जास्त सुधारला. रात्री उशिरा घरी आलो. कुठे होतास, तिनं विचारलं. "सहज फिरत होतो." ती म्हणाली, "रात्री अकरा वाजता मी कधी सहज फिरलेय का रे?" तिला बाहेर पडायचं तर काम लागायचं, सोबत लागायची, परतायची वेळ ठरलेली असायची. मी ते रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं, याची आजही लाज वाटते.

आता 'सहज'ची फोड करून बघितली : सह + ज, जन्मासोबत आलेलं. मला हवा तो अर्थ तिथेच होता.

प्रतिसाद : फोड सुंदर आहे, पण 'सहज' हे नाम म्हणून वाक्यात बसत नाही. शिवाय सगळंच जन्मासोबत येत नाही, पद आणि पैसा नंतरही येतो. 'आयतं' चालेल? त्यात न कमावलेलं हा अर्थ आहे.

प्रतिसाद : 'आयतं'मध्ये शिवी आहे, वाचणारा पहिल्याच ओळीला मिटून जाईल. 'सहज' ठेवा. मी बाई आहे, रात्री सहज फिरू शकत नाही. पण मी जिना सहज चढते, आणि व्हीलचेअरवरची मैत्रीण सोबत आली तोवर ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. 'पुरुषांचे विशेषाधिकार' या शब्दांत मी कुठेच येत नाही. 'सहज'मध्ये मलाही यावं लागतं.

मूळ लेखक : पटलं. शीर्षकात 'विशेषाधिकार'च ठेवतो, शोधणाऱ्याला तोच सापडेल. मजकुरात नामाचा हट्ट सोडून क्रियापदावर जातो : "त्याला जे सहज करता येतं, ते तिला ठरवून करावं लागतं." 'ठरवून'च्या जागी 'विचारून' जास्त नेमकं होईल का?