बारसं रविवारी, अक्षर आलंय ण, आणि घरात चार जणांची चार मतं

नवखी_आई_नाशिक:
नमस्कार मंडळी, आम्हाला पहिली मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहोत. बारसं येत्या रविवारी आणि नाव अजून ठरत नाहीये. गुरुजींनी पत्रिका केली त्यात हस्त नक्षत्र, तिसरा चरण, म्हणजे अक्षर ण. आता ण वरून मुलीचं नाव काय ठेवणार?? हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ, म्हणजे पहिलं सोडलं तर पुढे सगळा आनंदच आहे. सासूबाई म्हणतात पत्रिकेप्रमाणेच हवं, नवरा रात्री फीड झाल्यावर मोबाईलवर याद्या वाचत बसतो ज्यात निम्म्या नावांचा अर्थ लक्ष्मी आणि उरलेल्यांचा सुंदर असतो, नणंद म्हणते आत्या मी आहे तर नाव मीच ठेवणार आणि तिचं कियारा फिक्स आहे. मला मुक्ता ठेवायचंय, लग्नाच्या आधीपासून डोक्यात आहे. त्यात हॉस्पिटलमधून दोनदा फोन आला की दाखल्यासाठी नाव लवकर कळवा. तुमच्याकडे कसं ठरलं ते सांगा प्लीज.

कुलकर्णी_काकू:
अगं अभिनंदन! आणि एवढी घाबरी होऊ नकोस. जन्मनाव वेगळं आणि हाक मारायचं नाव वेगळं ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. पूर्वी बारशाला ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने नावं लिहायचे, एक कुलदेवतेचं, एक महिन्यावरून, एक नक्षत्रावरून आणि शेवटी व्यवहारातलं. आमच्याकडे अजून लिहितात. म्हणजे सासूबाईंचं नक्षत्रनाव तांदळात लिहिलं जाईल, पत्रिकेत राहील, पूजेच्या संकल्पात लागलं तर घेता येईल, आणि शाळेत तुझी मुक्ता. दुसरं, हस्त म्हणजे कन्या रास ना, मग आमचे गुरुजी राशीतलं कुठलंही अक्षर चालवून घेतात, उत्तरा फाल्गुनीच्या शेवटच्या दोन चरणांची पा, पी आणि चित्राच्या पहिल्या दोनची पे, पो याच राशीत येतात. पूर्वा, पावनी, पल्लवी, प वर नावांना तोटा नाही. तुमच्या गुरुजींना विचारून बघ. नणंदेला मात्र दुखवू नको हं, कानात कुर्रर्र करायचा मान तिचा आणि पाठीत धपाटे खायचा पण तिचाच.

खडूस_बाबा:
काकूंचं बरोबर आहे पण मी अजून पुढे जाऊन म्हणेन की अक्षराचं एवढं कशाला. उद्या लग्नाला पत्रिका जुळवायची वेळ आलीच तरी गुण जन्माच्या वेळच्या नक्षत्रावरून काढतात, हाकेच्या नावावरून नाही, नावावरून बघतात ते जन्मवेळ माहीत नसेल तेव्हा. तुमच्याकडे वेळ आहे, पत्रिका आहे, मग नाव ज्ञ वरून ठेवा नाहीतर ळ वरून. आमच्या मुलाचं मघा नक्षत्र, अक्षर मे, आईने महिनाभर डोकं खाल्लं, शेवटी आम्ही कबीर ठेवलं आणि आता तीच सगळ्यांना कौतुकाने सांगते.
आणि ते आजोबांचं नाव नातवाला ठेवणारी मंडळी इथे असतील तर त्यांनाही एक, माझंच नाव आजोबांचं आहे, आजीने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही आणि आईने सासऱ्यांचं, त्यामुळे मी चाळिशीतही घरात बाळ आहे. बँकेचा माणूस आला की आतून हाक येते, बाळ, तुझ्याकडे कोण आलंय बघ.

दाखला_दाखला:
हॉस्पिटलच्या फोनचं टेन्शन घेऊ नका. 21 दिवसांत जन्माची नोंद व्हायला हवी, नावाची नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते, नंतर 12 महिन्यांपर्यंत जादा फी न भरता नाव घालता येतं आणि त्यापुढेही 15 वर्षांपर्यंत फी भरून. उलट घाईत काहीतरी टाकलं आणि मग बदलायचं म्हटलं की फेऱ्या सुरू, मोठेपणी तर राजपत्रात छापून आणावं लागतं. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट वगैरे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे, तेव्हा इंग्रजी स्पेलिंगही आत्ताच नीट ठरवा, एक ए की दोन ए, यावर नवराबायकोचं भांडण दाखल्याच्या आधी झालेलं परवडतं.
अजून एक, महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदावर स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. चारही नावं ओळीने मोठ्याने म्हणून बघा, पाच अक्षरी नाव आणि वर लांबलचक आडनाव असेल तर फॉर्मच्या चौकटी संपतात.

शिकागोची_मीनल:
इथे हॉस्पिटलमधून घरी जायच्या आधीच बर्थ सर्टिफिकेटचा फॉर्म भरून घेतात, बाराव्या दिवसापर्यंत कोण थांबणार. त्यामुळे नाव आम्ही आधीच ठरवलं आणि बारशाला आत्याने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर कुर्रर्र केलं, पाळण्यात आयपॅड!! आमची अट एकच होती, इथल्या टीचरला म्हणता यावं आणि आजीलाही, म्हणून ध, भ, ळ असलेली सगळी नावं गेली. मला मृणाल फार आवडायचं, तेही गेलं. मुक्ता मात्र इथेही सहज चालेल.

नवखी_आई_नाशिक:
सगळ्यांना थँक्यू, काकू तुम्हाला स्पेशल. हॉस्पिटलला सांगितलं रकाना रिकामा ठेवा. सासूबाईंना तांदळाचं सांगितलं तर म्हणाल्या आमच्याकडे पण लिहायचे की, मग त्याच मऊ झाल्या आणि जन्मनाव पूर्वा त्यांनीच काढलं. नवरा म्हणतो मुक्ता दोन अक्षरीच आहे, मग माझी हरकत नाही, हे त्याला इतके दिवस दिसलं नव्हतं का देव जाणे. राहिली नणंद. ती म्हणते कुर्रर्र मी करणार तर कानात कियाराच म्हणणार, तुम्ही बाहेर काय ते ठेवा.

कुलकर्णी_काकू:
म्हणू दे गं. पेढे मुक्ताच्या नावाने वाट.

खडूस_बाबा:
आणि ताट मोठं घ्या, पाचवं नाव बसायला हवं.