मदत हवी आहे : नववीतल्या मुलीसाठी निवासी विज्ञान-इंजिनिअरिंग शिबिर

नमस्कार भाऊ-ताईंनो,

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातले. माझी पुतणी गावातल्याच मराठी शाळेत नववीला आहे. वावरातला बॅटरीवरचा फवारणी पंप बंद पडला की तीच खोलते. मागे स्विचच्या टोकांवर चढलेला हिरवा गंज ब्लेडनं खरवडून, तुटलेली वायर जोडून तिनं तो चालू केला. इंजिनिअर व्हायचं म्हणते, पण कॉलेजची प्रयोगशाळा तिनं आतून कधी पाहिली नाही.

दहावीनंतर पॉलिटेक्निक की अकरावी सायन्स, हे ठरायच्या आधी तिनं काही दिवस कॉलेजात राहून स्वतःच्या हातानं काम करून पाहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

इस्रोचं ‘युविका’ हे शाळकरी मुलांचं शिबिर माहीत आहे. २०१९ पासून आहे, नववीच्या मुलांसाठी, दोन आठवडे निवासी, आणि राहण्या-जेवणाचा खर्च इस्रोच करते. आठवीचे गुण बघतात, खेड्यातल्या शाळांना निवडीत जास्तीचे गुण मिळतात. अर्ज भरणारच आहोत. पण ते अंतराळाचं, आणि देशभरातून मुलं येतात. केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ योजनेचं विज्ञान शिबिर अकरावी सायन्सवाल्यांसाठी, तोवर निर्णय होऊन गेलेला असतो.

तर नागपूर-अमरावतीकडं एखादं इंजिनिअरिंग कॉलेज किंवा विद्यापीठ उन्हाळ्यात शाळकरी मुलांचं असं शिबिर घेतं का? मुलींची राहण्याची सोय कशी असते? शिकवणं निव्वळ इंग्रजीत असतं का? फी किती, सवलत मिळते का? कुणाची मुलगी जाऊन आली असेल तर कृपया सविस्तर लिहा. तिच्या आईला सगळ्यात जास्त काळजी राहण्याचीच आहे.